मितूचा उलगडा

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी डॉक्टर नागसेन फुलझेले यांनी सर्वांआधी काय केले असेल, तर मांडवात मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलायला लावून त्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवल्या. नात गेलेल्या घरी आजोबाने करावयाचे हे पहिले काम नव्हे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु ज्याने उभ्या आयुष्यात एखादा नियम स्वतः घडवला आणि तो इतरांकडून कसोशीने पाळून घेतला, त्याला दुःखाच्या दिवशीही हात टेकायला त्या नियमाखेरीज दुसरी जागा सापडत नाही.

"बाबा, म्हातारे लोकं येतीन," प्रवीण म्हणाला. "त्याहिले गुडघे नाईत काय?"

"उलगड्याला कोणी वर बसत नाही."

"आज उलगडा नाई. आज माह्या पोरीचा कार्यक्रम आहे."

"दोन्ही आहेत," नागसेन म्हणाले आणि शेवटची खुर्ची त्यांनी स्वतः उचलली.

 प्रवीणने भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांपैकी एक ओढून काढली, मांडवाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला. मुलगा सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नव्या वाणांची रोपे जोपासणारा, मितभाषी, बापाच्या शब्दाबाहेर सहसा न जाणारा. त्याचे ते खुर्चीवर बसणे ओसरीवरून पाहणाऱ्या त्याच्या बहिणीला, रोशनीला, एखाद्या शिवीसारखे वाटले. बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी आतून प्रवीणच्या आईचा, इंदुताईंचा आवाज आला.

"बसू द्या जी त्याले! खुर्चीच आहे, दिल्लीची गादी नाई."

उलगडा हा शब्द नागसेनांचा. गेली वीस वर्षे चंद्रपूर-नागपूरच्या महाविद्यालयांतून तरुण डॉक्टर त्यांच्याकडे गावातल्या लहान मुलांचे आरोग्य शिकायला येत आणि वर्षभर इथेच राहत. अंगणवाडीत वजने घेणे, टोल्याटोल्यांवर, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवर, पायी जाणे, तापलेल्या लेकराच्या खाटेशी बसणे, हे तर ते शिकतच. पण नागसेनांचा खरा आग्रह दुसराच होता. जे मूल वाचू शकले असते ते का वाचले नाही, हे डॉक्टरला साहेबापुढे उभे राहून सांगता आले पाहिजे. नुसते औषध देणारा डॉक्टर अर्धाच डॉक्टर, असे ते म्हणत. म्हणून कुठल्याही गावात मूल दगावले की सुतकाचे दिवस सरल्यावर ते आपल्या शिष्यांना घेऊन त्या घरच्या अंगणात जमिनीवर बसत. पहिल्यांदा आई बोले. ती थांबेपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही, कोणी लिहायचे नाही, घड्याळाकडे पाहायचे नाही. मग साखळीची कोणती कडी तुटली याचा शोध सुरू होई आणि आईने हो म्हटले तर ते मरण चंद्रपूरच्या जनसुनावणीत मांडले जाई. या वाटेने काही रस्ते झाले होते, दोन ठिकाणी रुग्णवाहिका आल्या होत्या, एका अंगणवाडीला छप्पर मिळाले होते. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त साठवण्याची खोली मात्र अनेक वर्षे मागूनही मिळालेली नव्हती. येत्या सोमवारच्या सुनावणीत ती पुन्हा मागायची होती.

आणि आता मरण त्यांच्याच घरचे होते. प्रवीण आणि ज्योत्स्ना यांची मुलगी संघमित्रा, घरादाराची मितू, चौथे वर्ष लागलेले. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता हे ती पाळण्यात असल्यापासून घरात ठाऊक होते. तिला ताप आला. पहाटे ती पांढरीफटक पडली. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त नव्हते. चंद्रपूरच्या वाटेवर, चिचपल्लीच्या जंगलात, आईच्या मांडीवर ती गेली. इतके सर्वांना माहीत होते. रोशनी त्या वेळी नागपूरला होती. लहान मुलांची डॉक्टर होण्याचे तिचे शेवटचे वर्ष होते. ती आली तेव्हा तिला फक्त भाचीचे गार पडलेले पाय हातात घेता आले.

बौद्धाचार्य यायला अवकाश होता. नागसेनांनी घरच्यांना आतल्या खोलीत बोलावले.

"बाहेर जे मांडायचे ते आधी आपसात ठरवून घेऊ," ते म्हणाले.

रोशनीच्या मनाला ते खुपले. आजवर कोणाच्या घरी त्यांनी आधी आत बसून काही ठरवले होते? ज्यांची मुले दगावली त्या कोलूच्या घरी नाही, शकुबाईच्या घरी नाही. तिथे तर ते सरळ अंगणात बसले होते.  पण घरावरचा घाव अजून ताजा होता, म्हणून ती बाकीच्यांमागोमाग आत गेली.

खोलीत इंदुताई खाटेच्या कडेला होत्या. प्रवीण खिडकीशी उभा होता. दाराच्या चौकटीला टेकून कुलदीप उभा होता. नागसेनांचा सर्वांत लाडका शिष्य, गावच्या आरोग्य केंद्रात नेमणूक मिळालेला, या घरात जेवणारा, इंदुताईंना काकू म्हणणारा. मितू त्याला सुईवाला मामा म्हणत असे. ज्योत्स्ना कोपऱ्यात धान्याच्या कोठीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पोंभुर्ण्याकडच्या शेतकरी घरातली ती मुलगी पांढऱ्या लुगड्यात अधिकच बारीक दिसत होती. ती तिथे आहे याची कोणी दखल घेतली नव्हती.

"सुनावणीत रोशनी बोलेल," नागसेनांनी सुरुवात केली. त्यांची भाषा घरातही सभेची असे; दुःखाने ती मोडली नव्हती, उलट अधिक ताठ झाली होती. "मुद्दा एकच ठेवायचा. दवाखान्यात रक्त असते तर मूल वाचले असते. बाकीचे तपशील घालून मुद्दा पातळ करायचा नाही."

"बाकीचे म्हंजे?" प्रवीण वळला. "आदल्या संध्याकाळी तिले केंद्रात नेलं होतं. ज्योत्स्ना घेऊन गेली होती. ह्या डॉक्टरनं औषध देऊन वापस धाडलं. हा तपशील आहे काय?"

कुलदीप खाली पाहू लागला.

"प्रवीण, माणूस नव्हे, साखळी पाहावी."

"दुसऱ्याच्या लेकराले साखळी ठीक आहे, बाबा. माह्या लेकराले पाहणारा माणूस होता. त्याचं नाव आहे. सोमवारी ते नाव घेतलं पाहिजे. बोला डॉक्टर, काऊन धाडलं तुम्ही तिले घरी?"

"माझं चुकलं, दादा."

"चुकलं! भांडं फुटलं काय हातातून?"

"पव्या!" इंदुताई ओरडल्या. "पोरगा तीन दिवस जेवला नाई. तू पाह्यलं काय त्याच्या तोंडाकडे?"

"मी माह्या पोरीच्या तोंडाकडे पाह्यलं, आई."

 बाहेर मांडवात कोणी तरी सतरंजी झटकत होते. अशा वेळी रोशनीच्या मनात डॉक्टर जागा झाला, आणि त्याची तिला लाज वाटली, तरी प्रश्न तोंडातून निघालाच.

"कुलदीप, पोट पाहिलं होतंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "रडत होती. हात लावू देत नव्हती."

"मग वहिनीला विचारलं असशील."

कुलदीपची बोटे दाराच्या चौकटीवरून फिरू लागली.  आणि कोपऱ्यातून, इतक्या हळू की ऐकण्यासाठी सगळ्यांना श्वास आवरावा लागला, ज्योत्स्ना म्हणाली, "फोन कोणाले केला होता ते सांगा ना, डॉक्टर."

"वहिनी..."

"सांगा. मी तिथीच उभी होती."

कुलदीपने नागसेनांकडे पाहिले नाही. पण सगळ्यांनी पाहिले.

"त्याने मला केला होता," नागसेन म्हणाले. "मी गडचिरोलीला होतो. बैठक चालू होती."

"कशाची बैठक?" प्रवीणने विचारले, आणि उत्तराची गरजच नव्हती, मितूसारख्याच मुलांविषयीची ती बैठक होती. बाहेर येऊन व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांनी फोन घेतला होता. ताप किती, पाणी पिते का, लघवी झाली का, हे त्यांनी क्रमाने विचारले. कुलदीपने क्रमाने सांगितले. मग ते म्हणाले, आपल्या घरचेच लेकरू आहे, उगाच रातोरात चंद्रपूरला पळवू नका, औषध द्या, सकाळी मी येऊन पाहतो.

"मी बाजूले उभी राहून सांगून राह्यली होती," ज्योत्स्ना म्हणाली. "डाव्या बाजूले टणक लागते म्हणून. बाबाले सांगा म्हणून. रोशनीनंच शिकवलं होतं मले, माहे दोन बोटं धरून, इथी दाबायचं, असं. मी दुपारपासून पाहत होती. दुपारी बोटभर होतं. संध्याकाळी चार बोटं होतं. डॉक्टरनं असा हात केला." तिने तळवा पुढे धरला, थांबा, म्हणणारा तळवा. "मंग फोन ठेवला न म्हणे, सरांनी सांगितलं आहे, वहिनी, आता काळजी नाही."

मितूच्या आजारात कधी कधी सगळे रक्त प्लीहेत जाऊन अडकते. पोट डावीकडे फुगते आणि अंग रिकामे होत जाते. हे आईच्या बोटांना डॉक्टरच्या आधी कळते, म्हणून नागसेनांच्या शिक्षणात आयांना ते शिकवायचे असा नियम होता, आणि आईला पहिल्यांदा विचारायचे हा तर त्याहून थोरला नियम होता. कुलदीपने तो शंभर झोपड्यांत पाळला होता. गोंडांच्या टोल्यावर भाषा येत नसताना हातवारे करून पाळला होता. ही आई मात्र गुरूच्या घरची होती. फोनवर साक्षात गुरू होते. अशा घरी आईला काय विचारायचे? ज्या एका घरात नियम जन्मला, त्या एकाच घरी तो पाळण्याचे कोणाला सुचले नाही.

प्रवीण खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याचा राग ज्या वाटेने इतका वेळ वाहत होता ती वाट एकाएकी बंद झाली होती, आणि तो कुठे वळेल हे रोशनीला कळेना.

"तुम्हाले माहीत होतं?" त्याने बायकोला विचारले. अस्वस्थ झाला की तो तिला अहोजाहो करी.

"हो."

"मग इतके दिवस बोलल्या काऊन नाई?"

"कोणी विचारलं?"

"हे पाहा," नागसेनांनी आवाज चढवला नाही. वाद जिंकायचा असतो तेव्हा ते तो उतरवत. "मी जबाबदारी झटकत नाही. परंतु दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, मी काय बोललो. दोन, मूल कशाने गेले. पहाटे ज्या दवाखान्यात ते पोचले तिथे रक्त नव्हते, हे सत्य माझ्या फोनाने बदलत नाही. डॉक्टर रोशनी, तुम्ही सांगा."

शिष्यांची परीक्षा घेताना ते असेच म्हणत; मुलीलाही त्यांनी कधी सवलत दिली नव्हती. 

"संध्याकाळी निघाली असती, तरी तालुक्याच्या दवाखान्यात रक्त नव्हतेच. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे मूळ कारण रक्त नसणे."

"बाबा..."

"हो की नाही?"

तिच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला. अंधारात सागाची झाडे गाडीच्या उजेडात पुढे येतात आणि मागे जातात. तिने मनात गाडी संध्याकाळी सोडली. तालुक्याला थांबवलीच नाही. जंगल ओलांडले. चंद्रपूरचे दिवे लागलेले होते.

"संध्याकाळी निघाली असती तर आपण तिला तालुक्याला नेलंच नसतं," ती म्हणाली. "सरळ चंद्रपूरला नेलं असतं. तेव्हा ती बसून होती, बोलत होती. पोचली असती, बाबा."

हे वाक्य उच्चारून झाल्यावर तिला वाटले की आपण बापाला काही तरी फेकून मारले. नागसेन हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. ही त्यांची नेहमीची कृती होती. एवढेच की काचा पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले होते.

"सर, मी सांगतो सुनावणीत," कुलदीप म्हणाला. "माझं नाव घेऊन. फोनचं नको."

"तू गप्प बस," नागसेन म्हणाले. मग ज्योत्स्नाकडे वळून, पण तिच्याकडे न पाहता, "तुला काय हवे आहे, बेटा?"

"मले बोलू द्या."

"कुठे?"

"बाहेर. आज. मंग सोमवारी. तुमची खोली मागा, मी नको नाई म्हणत. रक्त नव्हतं तेही सांगा. पण मी सांगून राह्यली होती, हे आधी सांगा. कोलूच्या बायकोले तुम्ही अर्धा दिवस बोलू देल्लं. तिचं लेकरू गेलं तसंच माहं गेलं."

"तर मग ऐक." ते तिच्यासमोर जमिनीवर बसले, सासऱ्याने सुनेपुढे असे बसणे त्या घरात कधी घडले नव्हते. "सोमवारी मोठे साहेब असतील. त्यांना खोली द्यायची नाही आहे. त्यांना एक निमित्त हवे आहे. हे ऐकले की ते म्हणतील, डॉक्टर, मूल तुमच्या घरचे, सल्ला तुमचा, शिष्य तुमचा. मग खोलीचा काय संबंध? आणि सगळे हसतील. खोली गेली, दहा वर्षांसाठी गेली. वारलूच्या नातवाला हाच आजार आहे. पलीकडच्या टोल्यावर दोन बहिणींना आहे. त्यांची अशी पहाट कधी येईल मला ठाऊक नाही, पण येईल. माझी अब्रू मी वाचवत नाही. माझ्या अब्रूचे मला काय करायचे आहे?"

त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. हाच तर त्या बोलण्याचा सर्वांत मोठा दोष होता. रोशनीने प्रतिवाद शोधला, सापडला नाही. बापाने तिला आयुष्यभर शिकवले होते की ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याने बोलणाऱ्याचे ऐकावे. ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिला कळले की आपण बापाच्या बाजूला सरकत आहोत.

इंदुताई तर केव्हाच सरकल्या होत्या. "बाई, लोकं येऊन बसले बाहेर. आजेसासऱ्याचं, लहानूबुवाचं घर आहे हे. मामंजींनी छप्पन्न साली चांद्याले जाऊन दीक्षा घेतली तेव्हापासून गाव ह्या घराकडे पाहते. सासऱ्याले गावापुढे उभं करशीन?"

"आई बरोबर म्हणते," प्रवीण म्हणाला. त्याने खिडकीचा गज सोडला. "घरातलं घरात राहू दे, ज्योत्स्ना."

ज्योत्स्नाने नवऱ्याकडे पाहिले. "आताच तर तुम्ही नाव घ्या म्हणत होते."

"मी डॉक्टरचं नाव म्हटलं होतं."

"बाबा नाईत काय डॉक्टर?"

 बाहेर बौद्धाचार्यांच्या मोटरसायकलचा आवाज थांबला. इंदुताई उठल्या, त्यांनी सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिला दंडाला धरून उभे केले. हे सारे त्यांनी अतिशय मायेने केले.

मांडव भरला होता. पांढऱ्या चादरीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मितूचा फोटो होता, गणवेश घालून अंगणवाडीत काढलेला, एक वेणी सुटलेली. मेणबत्त्या लागल्या. त्रिसरण झाले, पंचशील झाले. शिकाऊ डॉक्टर मागच्या रांगेत मांडी घालून ताठ बसले होते. त्यांच्यापैकी दोघीतिघी नव्या होत्या आणि आज आपण पहिला उलगडा पाहणार आहोत असे त्यांना सांगितलेले होते. आदरांजलीला सरपंच उठले, अंगणवाडीच्या बाई उठल्या आणि बोलता न आल्याने खाली बसल्या. ज्योत्स्ना फोटोजवळ बसली होती. तिच्या शेजारची जागा रोशनीची होती.

मग नागसेन उठले.

ते तसे नेहमीच चांगले बोलत. त्या दिवशी ते जसे बोलले तसे रोशनीने त्यांना पूर्वी कधी ऐकले नव्हते. "आपल्या तालुक्यातील एक मूल गेले," असा त्यांनी आरंभ केला. त्या मुलाच्या अंगातले रक्त कसे आटत गेले, गाडी कशी धावली, दवाखान्याच्या दारात परिचारिकेने कसे हात जोडले, तिचाही दोष कसा नव्हता; जिथे दोन शीतपेये थंड ठेवण्याचे कपाट प्रत्येक पानठेल्यावर आहे, तिथे रक्ताच्या चार पिशव्या थंड ठेवण्याचे कपाट सरकारच्या दवाखान्यात कसे नाही. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. सरपंच पुन्हा उठून म्हणाले की सोमवारी गावातून दोन गाड्या जातील. मागून कोणी तरी म्हणाले, दोन काहाले, ट्रॅक्टरच काढा, सारं गाव येते. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकीने हळूच टिपण काढले. तिला कोणी अडवले नाही.

कुलदीप मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि ओठ घट्ट मिटून रडत होता. प्रवीण खुर्चीवर नव्हता. तो बापाच्या पायाशी, जमिनीवर बसला होता.

रोशनीने शेजारी पाहिले. जागा रिकामी होती.

ती उठून घरामागे गेली. तिथे चुली पेटल्या होत्या. वरणाला फोडणी बसत होती. त्यापलीकडे खळ्यावर नव्या धानाचे पुंजणे रचलेले होते. ज्योत्स्ना त्यातल्या एकाच्या आडोशाला उभी होती. नागसेनांचा आवाज इथवर स्पष्ट येत होता.

"बाबा एक शब्द खोटा बोलले नाई," ती म्हणाली.

"नाही, वहिनी."

"रक्त नव्हतंच."

"नव्हतं."

"खोली झाली पाहिजे. वारलूचा नातू मले मामी म्हणते."

रोशनीने मान डोलावली.

"पण त्यात मितू कुठी होती, रोशनी? कोणाचं तरी एक मूल होतं. तापलं, पांढरं पडलं, गेलं. तुमच्या डॉक्टराइले शिकवायले बरं पडीन असं." तिने पुंजण्यातली एक लोंबी ओढली, हातात धरली, तशीच टाकून दिली. "माही पोरगी पाणी नको म्हणे. माय, इथी दुखते, म्हणे, अन् माहा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवे. तिलेबी समजत होतं."

"मला सांग, वहिनी. सगळं सांग. मी कोणाला सांगणार नाही, फक्त ऐकते."

ज्योत्स्नाने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर रोशनीला बरे वाटले असते. बाजार उठून गेल्यावर कोणी भाव विचारावा आणि विक्रेतीने मुकाट्याने पाटी डोक्यावर घ्यावी, तशी ती नजर होती.

"कोणाले सांगणार नाई," तिने रोशनीचे शब्द सावकाश परत म्हटले. "मंग ऐकून काय करशीन?"

मांडवात टाळ्या झाल्या. पुण्यानुमोदनात टाळ्या वाजवत नाहीत. एकाने चुकून वाजवल्या आणि मग आवरेनात.

पंगती बसल्या तेव्हा वाढणाऱ्यांमध्ये ज्योत्स्ना दिसताच इंदुताई धावल्या. "तू काहाले, बाई? तू बस. लोकं काय म्हणतीन?" पण तिने पदर कमरेला खोचला होता आणि भाताची परात उचलली होती. ती एकेका पानाशी वाकत पुढे सरकू लागली; कोणाला भात, कोणाला आणखी भात; म्हाताऱ्या बायांनी नको म्हणून हात आडवे धरले तर त्यांना पुन्हा विचारत, पुन्हा वाढत. कुलदीपच्या पानावर तिने इतरांएवढाच भात वाढला. प्रवीणने तिच्याकडे पाहिले नाही.

नागसेन पंगतीच्या शेवटी, आपल्या शिष्यांमध्ये, मांडी घालून बसले होते. त्यांच्या पानात वरणाचा ओघळ होता आणि बाकी काही नव्हते. ज्योत्स्ना त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"भात देऊ काय, बाबा?"

त्यांनी मान वर केली नाही. हो म्हटले असते तरी चालले असते, नको म्हटले असते तरी. हात नुसता आडवा धरला असता तरी ती पुढे गेली असती. शिकाऊ डॉक्टर जेवायचे थांबले. मागच्या वाढणाऱ्या बाया एकीमागे एक खोळंबल्या. वरणाची वाफ त्यांच्या हातांवरून वर जात राहिली, आणि ज्योत्स्ना जड परात कमरेला टेकवून, उत्तर मिळेपर्यंत थांबायला ज्याला कोणी शिकवावे लागत नाही अशा माणसासारखी, सासऱ्याच्या खाली घातलेल्या डोक्याकडे पाहत उभी राहिली.